साखरबाईला उटी नको होती

सोमनाथनं मोटारसायकल दारातल्या लिंबाखाली लावली, तोंडाला बांधलेला रुमाल सोडला आणि खिशातनं एक गुळगुळीत रंगीत कागद काढून आईच्या पुढ्यात धरला. साखरबाई ओट्यावर सुपात डाळ निवडत बसली होती. तिनं हात पुसून कागद घेतला. कागदावर एक तळं होतं, तळ्यात होडी, होडीत नवराबायको आणि मागं हिरव्या डोंगरांच्या रांगा. खाली चष्म्याशिवायही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : नीराकाठ यात्रा कंपनी, इंदापूर. दक्षिण दर्शन, बारा दिवस. म्हैसूर, उटी, कोडाईकॅनाल, मदुराई, कन्याकुमारी.

"तीन शिटा घेतल्या," सोमनाथ म्हणाला. "मी, करुणा आन् तू. डेअरीनं रजा मंजूर केली. आमच्या पॅकिंग खात्यातली चार घरं हायती संगं."

साखरबाईनं कागद घडी करून त्याच्या हातात परत दिला.

"तुमी जा. मला न्हाय जायचं."

सोमनाथ हसला. आईचं पहिलं उत्तर नकाराचंच असणार हे तो धरूनच आला होता. "आगं, कामाला न्हाय न्यायलो तुला. शिटावर बसायचं, खिडकीतनं बघायचं, आयतं ताट आलं की जेवायचं. ज्या गाडीत तू धा वर्सं चपात्या लाटल्यास, त्याच गाडीत आता पाशिंजर म्हणून बसायचं. कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय? न्हाय जायचं."

ती पुन्हा सुपाकडं वळली. आत चुलीपाशी असलेली तिची सून करुणा दारात येऊन उभी राहिली. सोमनाथनं कागद तिच्याकडं दिला आणि तोंड धुवायला मोरीकडं गेला. आज ना उद्या आई हो म्हणेल याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

साखरबाई चंदनशिवे हिचं वय तेव्हा छपन्नच्या आसपास. सोमनाथ सात वर्षांचा असताना नवरा भानुदास कावीळ होऊन गेला. शेळगावात दीड एकर कोरडवाहू रान होतं, त्यात ज्वारी यायची ती वर्ष काढायला पुरत नसे. साखरबाई पोराला आईकडं ठेवून बारामतीला एका खानावळीत चपात्या लाटायला राहिली. तिच्या हाताला गुण होता. एकसारखी, पातळ, गार झाली तरी न वातडणारी चपाती, आणि तासाला दीडशे. तिथं जेवायला येणारा जोतीराम आचारी यात्रा कंपनीच्या गाडीवर स्वयंपाक करायचा. त्यानं एकदा भटारखान्यात डोकावून तिचे हात बघितले आणि म्हणाला, "बाई, देश बघायचा का?"

तेव्हा तिला देश बघायचा होता. खोटं कशाला बोला. एकोणचाळीस वर्षांची होती ती, आणि इंदापूर-बारामतीच्या पलीकडं फक्त एकदा, लहानपणी, बापाच्या बोटाला धरून सोलापूरपर्यंत गेली होती. जोतीराम तिला कंपनीचे मालक हिंदुराव यांच्याकडं घेऊन गेला. हिंदुरावांनी काम विचारलं, पगार सांगितला, मग यादीत नाव लिहायला पेन उघडलं.

"नाव?"

"साखरबाई भानुदास चंदनशिवे."

पेन थांबलं. हिंदुरावांनी जोतीरामकडं बघितलं, जोतीरामनं खिडकीबाहेर बघितलं.

"आडनाव लई लांबलचक हाय," हिंदुराव म्हणाले. "यादीत बसत न्हाय. मी जाधव लिवतो. कुणी इचारलं तर तेच सांगायचं. आन् कुणी खोदून खोदून इचारलं, तर कामात हाय म्हणायचं."

साखरबाईला सगळं कळलं. न कळायला ती काही आकाशातनं पडली नव्हती. चौदा वर्षांची असताना गावच्या साऱ्या आळीबरोबर तिनं पंचशील घेतलं होतं, दगडाच्या देवांचं गाठोडं तिच्या बापानं स्वतः नीरेत सोडलं होतं. पण पोरगं दहा वर्षांचं होतं आणि खानावळीच्या मालकाचे हात वळवळे होते. ती म्हणाली, "लिवा."

मग दहा वर्षं ती जाधवबाई होती. वर्षातले सहा-सात महिने गाडी फिरायची. लोक वेगळे, गाणी वेगळी, पण दिवस तोच. पहाटे चारला भट्टी पेटवायची, पस्तीस-चाळीस माणसांचा चहा, नाश्ता, मग गाडीच्या टपावर भांडी चढवायची, पुढच्या गावी उतरवायची, धर्मशाळेच्या मागच्या अंगाला जागा बघायची, परात मांडायची. आग्र्याचा ताजमहाल तिनं पाच वेळा बघितला. चार वेळा गाडीतळावरनं, झाडांच्या वर आलेलं पांढरं टोक तेवढं. पाचव्या वेळी जोतीराम म्हणाला म्हणून आत जाऊन आली. उन्हानं फरशी तापली होती. पायांत गोळे आले होते. एवढ्या मोठ्या जागेत बसायला सावली कुठं सापडते का, हेच ती बघत राहिली. जयपूरच्या महालाची तिला आठवण म्हणजे तिथलं मचूळ पाणी, ज्यात डाळ शिजता शिजत नव्हती. हरिद्वारला गंगेचं पाणी एवढं गार की भांडी घासून बोटं सुजायची. कन्याकुमारीला समुद्रातनं सूर्य वर आला तेव्हा चाळीस माणसं एकदम "अहाहा" म्हणाली आणि लगेच मागं वळून म्हणाली, "बाई, चहा झाला का?"

तिचा कुणावर राग नव्हता. लोक पै-पै जमवून यायचे, त्यांना वेळेवर गरम मिळालं पाहिजे हे तिला पटत होतं. म्हाताऱ्या बाया तिच्याशी सुखदुःख बोलायच्या, कुणी जाताना हातात एखादं पातळ ठेवायचं. पण पहिली तीन वर्षं सरल्यावर नवं गाव आलं की तिला पहिला प्रश्न पडायचा तो पाण्याचा. नळ कुठं आहे आणि किती लांब. तिथं काय बघण्यासारखं आहे हे तिला कुणी सांगितलं तर ती नुसती मान हलवायची.

आणि सोमनाथ मात्र शाळेत सांगायचा, आमच्या आईनं सगळा देश पालथा घातलाय. परत येताना ती त्याला काहीबाही आणायची आणि तो विचारायचा ते खुलवून सांगायची. ताजमहालाची गोष्ट तिनं त्याला इतक्या वेळा सांगितली होती की ती ऐकताना तिला स्वतःलाच वाटायचं, बाई गं, काय सुंदर असेल ते.

कागद आणल्यावर पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सोमनाथ संध्याकाळी एमआयडीसीतून आला की सुरुवात करायचा. डेअरीच्या कारखान्यात तो आता कायम झाला होता. आयुष्यभर आईनं राबून आपल्याला आयटीआयपर्यंत पोचवलं, आता तिला सुख दाखवायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं आणि सुख म्हणजे उटी हेही पक्कं केलं होतं.

"माझे गुडघे धरत्याती," साखरबाई म्हणायची.

"गाडी दारातनं दारात जाती."

"शेळीचं कोण बघंल?"

"शेजारच्या बनामावशीला सांगितलंय मी."

"थंडी सोसत न्हाय."

"स्वेटर घेऊ."

एके दिवशी त्यानं स्वेटर आणलाही. राखाडी, पुढं बटणं असलेला. शेजारची बनाबाई येऊन तो हातात घेऊन बघून गेली आणि जाता जाता म्हणाली, "साखराबाय, तुझ्यावाणी नशीब न्हाय कुणाचं. माझा ल्योक मला इंदापूरच्या बाजाराला न्हेत न्हाय. आन् तू न्हाय म्हणतीस? काय म्हणावं तुला!"

लोकांना काय सांगायचं? ज्या गावांची नावं ऐकून यांचे डोळे मोठे होतात, ती ऐकून आपले खांदे दुखायला लागतात, हे सांगून कुणाला पटणार? नको म्हणायलाही अंगात बळ लागतं. सोळाव्या दिवशी सोमनाथ जेवताना काहीच बोलला नाही, नुसता भाकरी कुस्करत बसला, तेव्हा साखरबाई म्हणाली, "बरं बाबा. येते."

सोमनाथचा चेहरा एकदम फुलला. करुणा मात्र सासूकडं बघत राहिली. रात्री अंथरूण घालताना तिनं हळूच विचारलं, "आत्या, मनातनं म्हणलाव का?"

"मनातनं म्हणलं काय, तोंडानं म्हणलं काय," साखरबाई म्हणाली. "बारा दिसच हायती."

निघायच्या आधीच्या रविवारी कंपनीनं इंदापुरात एका मंगल कार्यालयात सगळ्या प्रवाशांना बोलावलं होतं. सूचना द्यायच्या, ओळखी करून द्यायच्या, प्रत्येकाला एक पिशवी आणि टोपी द्यायची. करुणाला माहेरी बारामतीला जायचं होतं, म्हणून सोमनाथ आईला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला.

साखरबाई मागच्या खुर्चीवर बसणार होती, पण सोमनाथनं तिला दुसऱ्या रांगेत नेलं. समोर टेबलापाशी हिंदुराव बसले होते. तिनं काम सोडल्यापासूनच्या सात वर्षांत केस पार पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं. त्यांनी सूचना वाचल्या. औषधं बरोबर ठेवा, दागिने घरी ठेवा, जागेवरून भांडू नका. मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेवर आली आणि ते क्षणभर थांबले. साखरबाईनं पदर सावरला. वाटलं, ओळखून न ओळखल्यासारखं करतील तर बरं.

पण हिंदुराव उभे राहिले. चेहऱ्यावर मनापासूनचं हसू होतं.

"मंडळी, आज आपल्यात एक जुनं माणूस हाय! आपल्या जाधवबाई! धा वर्सं ह्यांनी आपल्या गाडीला जेवू घातलं. अशी चपाती परत झाली न्हाय. आन् आज आपल्या लेकाबरोबर पाशिंजर म्हणून आल्याती. टाळ्या झाल्या पायजेत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमनाथही वाजवायला लागला आणि मधेच थांबला. मग हसत उभा राहिला.

"हिंदुराव, जाधव न्हाय. चंदनशिवे. मी सोमनाथ चंदनशिवे."

"व्हय, व्हय," हिंदुराव म्हणाले. हसू तसंच राहिलं, पण रंग उतरला. "चंदनशिवे. वय झालं आता, नावं ध्यानात ऱ्हात न्हायती."

टाळ्या आधीच विरल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागं वळून साखरबाईला नीट न्याहाळलं आणि पुन्हा पुढं बघितलं. तेवढंच. पण साखरबाईला ते वळून बघणं ओळखीचं होतं. चहा आला, तो तिनं घेतला नाही. पिशवी आणि टोपी मांडीवर घेऊन ती सभा संपेपर्यंत बसून राहिली.

परत येताना निमगावच्या अलीकडं तिनं सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "जरा थांब. गुडघा आखडलाय." त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. साखरबाई मोरीच्या कठड्यावर बसली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि एक ट्रॅक्टर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या दिशेनं सावकाश गेला.

"म्हातारा पार इसराळू झालाय," सोमनाथ म्हणाला. "धा वर्सं तू त्याच्याकडं होतीस, आन् आडनाव चुकतोय."

"चुकला न्हाय त्यो," साखरबाई म्हणाली. "त्याच्याकडं मी जाधवच होते."

सोमनाथला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. यादीत न बसणारं आडनाव, हिंदुरावांचं थांबलेलं पेन, सगळं. सांगताना आवाज चढला नाही की पडला नाही. बाजारातनं काय काय आणलं ते सांगावं तशी सांगत गेली.

"आन् गुडघ्यामुळं काम सोडलं म्हणालीस ती?"

"गुडघे तवाबी दुखतच होते. पण त्यामुळं न्हाय सोडलं."

शेवटच्या वर्षी गाडी काशी, प्रयाग करून गयेला गेली होती. लोकांनी पिंडदान केलं. दुसऱ्या दिवशी बुद्धगयेला जायचं ठरलं, जवळच आहे आणि बघण्यासारखं आहे म्हणून. साखरबाईची गाडी तिथं कधी गेली नव्हती. दहा वर्षांत तिनं जोतीरामकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशीही मागितलं नाही. तोच म्हणाला, "जा तू. भाजी मी बघतो. अर्ध्या तासानं आलीस तरी चालंल."

तिनं कोपरापर्यंतचं पीठ धुतलं, पातळाचा पदर नीट केला आणि गेली. झाडाखाली पिवळी चिवरं घातलेले भिक्खू बसले होते, कुठल्या कुठल्या देशांतले. पानं हलत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला नळ कुठं आहे हा प्रश्न पडला नाही. ती खाली बसली, हात जोडले आणि गावच्या विहारात चौदाव्या वर्षापासून म्हणत आली तसं तिच्या तोंडून मोठ्यानं आलं, बुद्धं सरणं गच्छामि. सगळं म्हटलं तिनं, तिन्ही सरणं आणि पाचही शीलं, एक शब्द न अडखळता. डोळे उघडले तेव्हा गाडीतली एक बाई शेजारी उभी होती. आदल्या रात्रीच तिनं साखरबाईकडून एक जास्तीची चपाती मागून घेतली होती. ती बाई वळली आणि बाकीच्या बायकांकडं गेली.

"मग?" सोमनाथनं विचारलं.

"मग रातच्याला पंगत बसली. भात संपला. दोनदा लावाय लागला जोतीरामला. चपात्यांची टोपली मातर तशीच. सगळ्यांनी न्हाय टाकल्या, पाच-सात जणांनी खाल्ल्या, त्यातलं एक म्हातारं जोडपं मुद्दाम मागून घेत होतं. पण बाकीची खाली मान घालून भात खात होती. मला कुणी वाईट बोललं न्हाय. नुसता भात खाल्ला."

पंगत उठल्यावर हिंदुराव मागच्या अंगाला आले. ओरडले नाहीत. म्हणाले, बाई, माझं काई न्हाय, पण अजून नऊ दिवस काढायचेत. तुमी भांडी घासा, चपातीचं मी हितनं कुणाला तरी धरतो. साखरबाईनं पोळपाट धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, मला घरचं तिकीट काढून द्या.

"एकली आलीस? गयेहून?"

"एकलीच. मुगलसरायला गाडी बदलली, मनमाडला बदलली, मग दौंड. अक्षर वळखता येतं म्हणून आले. जोतीरामनं त्या टोपलीतल्या चपात्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. दोन दिवस त्याच खाल्ल्या." ती थोडं थांबली. "चांगल्या झाल्या होत्या."

सोमनाथ उभाच होता. एकदम त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि तोंड इंदापूरकडं फिरवलं.

"बस मागं. आत्ता जाऊ. सगळ्यांच्या म्होरं इचारतो त्याला."

"बंद कर ती गाडी."

"आई, त्यानं तुला..."

"बंद कर म्हणते ना."

त्यानं बंद केली. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग जवळ येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागला.

"मग आपण जायचंच. आता तर जायचंच, आई. पहिल्या शिटावर बसायचं. यादीत चंदनशिवे म्हणून. कुणाला जेवायचं तर जेवा, न्हायतर उपाशी मरा. ताठ मानेनं उटी बघून यायची. तुला कळत न्हाय, हे आपण केलंच पायजे."

साखरबाईनं त्याच्याकडं बघितलं. सत्तावीस वर्षांचा तिचा पोरगा, दाढीच्या खुंटांत धूळ बसलेली, डोळे भरलेले. त्याचं म्हणणं तिला खोटं वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याला शाबासकी दिली असती.

"सोमा, माझी मान ताठच हाय," ती म्हणाली. "झाडाखाली बसले तवाबी ताठ हुती आन् एकली रेल्वेत बसले तवाबी. पण ती आता दुखती. बारा दिस ताठ धरून बसायचं, कोण काय बघतंय, कोण काय खातंय त्याच्यावर ध्यान ठेवायचं, हे बी कामच हाय की रं. मला आता कुठलंच काम नको."

सोमनाथनं बाहीनं डोळे पुसले. मग उठून त्यानं तिला हाताला धरून उठवलं. घरी येईपर्यंत तो प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी अगदी बैलगाडीसारखी हळू करत होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर न जाता इंदापूरला गेला आणि तिन्ही शिटा रद्द करून आला. साखरबाई शेळीला पाला घालत होती. तिनं विचारलं नाही, तोच म्हणाला, "भांडलो न्हाय मी. नुसतं सांगितलं, गयेचं कळलंय मला. त्यो खाली बघून बसला. मग म्हणला, बाईंना सांगा, माझं चुकलं."

"बरं," साखरबाई म्हणाली.

मधल्या सात वर्षांत तिनं कधीमधी मनाशी म्हटलं होतं, या माणसानं एकदा तरी असं म्हणावं. आता त्यानं म्हटलं होतं. ती काहीतरी हलकं वाटण्याची वाट बघत शेळीपाशी उभी राहिली. तसं काही झालं नाही. शेळी पाला खात राहिली, आणि साखरबाईला फक्त झोप आली. भर दुपारी ती आत जाऊन आडवी झाली आणि दिवस मावळायला उठली.

संध्याकाळी सोमनाथनं नवा विचार काढला. "आपण आपलं गयेला जाऊ. तिघंच. रेल्वेनं. त्या झाडाखाली तुला पाहिजे तेवढा वेळ बसता येईल."

हे ऐकून करुणाचाही चेहरा उजळला. "व्हय आत्या. तितं तर कुणी काय म्हणणार न्हाय."

साखरबाईला दोघांची माया आली. "मी बसलेय की तितं," ती म्हणाली. "अर्धा तास बसले. लई बरं वाटलं होतं. आता परत जाऊन काय बघू? माझं झालंय. तुमी जा कवातरी, पण मला नेण्यासाठी जाऊ नका."

"मग तुला जायचं तरी कुठं हाय?" सोमनाथ काकुळतीला येऊन म्हणाला.

"कुठंच न्हाय रं. लोकांना असतं कुठंतरी जायचं. मला न्हाय. ह्यात रडण्यासारखं काय हाय?"

सोमनाथ कपाळाला हात लावून खाली बसला. करुणा मात्र एकाएकी हसली, आणि तिचं हसू बघून साखरबाईही हसली. मग तीच म्हणाली, "तुमी दोघं जा उटीला. लग्नाला तीन वर्सं झाली, कुठं गेला न्हाय. रजा हाय, स्वेटर हाय. करुणाला व्हईल त्यो."

करुणा लाजली. सोमनाथ "छे छे" म्हणाला, पण दुसऱ्याच दिवशी पुण्याहून रेल्वे कधी आहे ते विचारून आला.

ते गेले त्या सकाळी साखरबाईनं त्यांना एसटीपर्यंत पोचवलं, परत आली आणि दाराला कडी लावून झोपली. पहिले दोन दिवस ती जवळजवळ झोपूनच होती. बनाबाईनं दोनदा कडी वाजवली, बरं नाही की काय म्हणून. साखरबाई आतूनच म्हणाली, "बरी हाय, झोपलेय." एवढी झोप कुठं साठून राहिली होती कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरनं आंघोळ केली, एकच भाकरी थापली, ठेचा वाटला आणि ओट्यावर बसून सावकाश खाल्ली. रस्त्यानं जाणारं येणारं विचारायचं, "काय साखराबाय, तुमी न्हाय गेला उटीला?"

"न्हाय," ती म्हणायची. कारण सांगायची नाही. आश्चर्य म्हणजे पुढं कुणी विचारायचंही नाही.

पाचव्या दिवशी चौकातल्या फोनच्या दुकानातनं बोलावणं आलं. सोमनाथचा आवाज खरखरत येत होता. इथं फार थंडी आहे, फुलं आहेत, होडीत बसलो, करुणा घाबरली, असं सगळं तो ओरडून सांगत होता. मग जरा थांबून म्हणाला, "आई, तू बरी हायस ना?"

"बरी हाय. कान झाकून घ्या दोघं."

दहाव्या दिवशी दोघं परत आले. तिन्हीसांजेला सोमनाथनं ओट्यावर फोटोंचं पाकीट उघडलं. करुणा राखाडी स्वेटर घालून झाडापाशी, करुणा होडीत, सोमनाथ एका घोड्यावर आणि घोडा त्याच्याकडं मुळीच न बघणारा. साखरबाईनं एकेक फोटो उजेडाकडं धरून नीट बघितला. दोघं सांगत होती, एकमेकांचं तोडून, पुन्हा मागं जाऊन. ती ऐकत होती. सगळंच ऐकू येत होतं असं नाही, पण त्यांचे आवाज कानाला बरे लागत होते.

"जेवायचं कसं काय?" तिनं विचारलं.

"भात," सोमनाथ म्हणाला. "सकाळी भात, संध्याकाळी भात. आई, धा दिसात चपातीचं तोंड बघितलं न्हाय."

साखरबाई हसून भिंतीला हात लावून उठायला लागली. करुणानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा तुमी, आत्या. मी करते."

साखरबाई पुन्हा बसली. आत परात खाली ठेवल्याचा आवाज आला, मग पिठाचा डबा उघडल्याचा. सोमनाथनं पुढचा फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडं धरला आणि विचारलं, "ह्यो कुठला डोंगर?"

सोमनाथ सांगायला लागला.